तीन राजे आणि नऊ दिवसांचा दोर

एकदा एका नदीकाठच्या गावात दोर वळणारा एक म्हातारा राहत होता. त्याचे खरे नाव लोक विसरून गेले होते. लहानथोर सगळे त्याला बाबाच म्हणत. त्याच्या हाताखाली तुळाजी नावाचा एक तरुण शिकत होता. मनाने मऊ, हाताने चांगला. अंबाडीच्या सालीच्या तंतूंचा वाख त्याच्या बोटांतून इतका सारखा सुटे, की येणारा-जाणारा घटकाभर थांबून बघे.

गाव होते तीन राज्यांच्या बेचक्यात. अलीकडचा काठ एका राजाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, आणि उत्तरेच्या डोंगरामागे तिसरा राजा. नदी खोल आणि ओढीची. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला असे, आणि तो धरून नावाडी नाव हातांनी ओढत पलीकडे नेई. त्या पावसाळ्यात पुराने जुना दोर वाहून नेला. नवा वळण्याचे काम बाबांकडे आले.

तुळाजीच्या दृष्टीने ते नेहमीसारखे काम नव्हते. त्याची बायको राही बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि तिचे माहेर पलीकडच्या काठावर. तिला मुलगी झाली. मुलगी आता दोन महिन्यांची होती आणि बापाने तिचे तोंडही पाहिले नव्हते. काम सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी राहीचा भाऊ दोघींना पलीकडच्या घाटावर आणून सोडणार, असे ठरले होते. तोवर दोर ताणलेला हवा होता.

दोर वळायची रीत अशी. बाबा झोपडीच्या दारात चाक फिरवत बसत. तुळाजी कमरेला वाखाचा झुपका बांधून, त्यातले धागे चाकाला अडकवून, पाऊल पाऊल मागे सरकत जाई. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. तो जितका मागे जाई, तितकी सुतळी लांब होई. अशा सुतळ्यांचे पेड, आणि तीन पेडांचा दोर. पण वाट होती चाळीस हातांची, आणि नदी त्याच्या जवळजवळ नऊपट रुंद. म्हणून दिवसाला एक तुकडा वळायचा, आणि नऊ दिवसांचे नऊ तुकडे एकमेकांत गुंफून अखंड दोर करायचा.

काम रविवारी सुरू झाले. सोमवारी, वाट जिथे संपते तिथल्या पिंपळाच्या पारावर मिठाचा एक व्यापारी येऊन उतरला. त्याच्या बैलाचा पाय मुरगळला होता. बैल बसला म्हणून व्यापारी बसला, आणि बसलेला व्यापारी बोलणार नाही तर काय करणार? येणारा प्रत्येक वाटसरू त्याच्यापाशी टेके, आणि जाताना एक बातमी ठेवून जाई. तुळाजी मागे चालत चालत पारापाशी पोचला, की ती बातमी त्याच्या पाठीवर येऊन पडे.

"ऐकलंस का तुळाजी," व्यापारी म्हणाला, "आपल्या राजानं उत्तरेच्या राजाला भाऊ मानलंय. आता पलीकडच्याची खैर नाही."

तुळाजीने मान वळवून नदीकडे पाहिले. पलीकडे राही होती.

मंगळवारी व्यापारी म्हणाला, "ते भाऊ-भाऊ संपलं बघ. उत्तरेचा आता पलीकडच्याशी सोयरीक करतोय."

"मग आपलं काय होणार, शेट?"

"आपलं काय व्हायचं? राजांची वरात निघाली की वाटेतली पिकं तुडवली जातात. माझं बरं आहे. मीठ कुणाच्याही ताटात चालतं."

शुक्रवारी बातमी आली, की पलीकडच्या डोंगरात घोडदळ दिसले.

"कुणी पाहिलं?" तुळाजीने विचारले.

"पाहिलेला माणूस ज्याला भेटला, तो मला भेटला," व्यापारी म्हणाला. "आणखी काय पुरावा पाहिजे?"

तुळाजीचे जेवण तुटले. सोमवारी त्याला वाटे, पोहून जावे आणि दोघींना अलीकडे घेऊन यावे. मंगळवारी वाटे, त्या पलीकडेच बऱ्या. शुक्रवारी पुन्हा उलटे. कोणता काठ राखेल आणि कोणता बुडवेल, याचा हिशेब तो दिवसभर मनात मांडे आणि मोडे. चालताना मान सारखी मागे वळे. आठवडा सरला तोवर त्याची मान आखडली.

"मान कशानं धरली रे?" बाबांनी विचारले.

"झोपेत धरली असेल."

"झोपतोस होय तू? मला वाटलं, तुझ्या पोटात तीन राजे मुक्कामाला आलेत. म्हणून तर तुझ्या वाटणीची भाकरी माझ्या गाईला जाते. गाय मात्र खूश आहे तुझ्यावर." एवढे बोलून म्हाताऱ्याने त्याच्या मानेला कोमट तेल चोळून दिले आणि विषय सोडला.

दुसऱ्या रविवारी व्यापारी म्हणाला, "बैल आता पाय टेकतोय. परवा सकाळी निघतो. वरच्या उतारानं, पाणी उथळ आहे तिथनं, नदी ओलांडेन. दीड दिवसाचा वळसा आहे, पण तुझ्या सासुरवाडीवरूनच जाईन. काही निरोप?"

तुळाजी थांबला. हातातला वाख तसाच राहिला. "राहीला सांगाल, की शुक्रवारी येऊ नको? काही दिवस तिकडंच राहा, म्हणावं."

"सांगेन की. पण परवा निघताना एकदा पक्कं सांग. काल तू तिला लगेच बोलावून घ्यायचं म्हणत होतास."

सोमवारी नववा तुकडा झाला. नऊही एकमेकांत गुंफले. संध्याकाळी दोराचे वेटोळे झोपडीसमोर पडले, चांगले गुडघ्याएवढे उंच. तुळाजीला वाटले, निदान एक गोष्ट तरी पुरी झाली.

मंगळवारी सकाळी तो आला, तेव्हा बाबा वेटोळ्यापाशी बसले होते. डोळे मिटून ते दोर हातातून सरकवत होते, हातभर, पुन्हा हातभर. मधेच थांबले. शेजारचा कोयता उचलला आणि दोर तोडला. पुन्हा सरकवत गेले, पुन्हा थांबले, पुन्हा तोडला. तुळाजी धावत जाऊन पोचेपर्यंत दोरातून तीन दिवसांचे तीन तुकडे वेगळे होऊन धुळीत पडले होते.

"बाबा, हे काय केलंत?" त्याने धुळीतला एक तुकडा उचलला.

"बस. हात दे इकडं." बाबांनी त्याची बोटे पहिल्या तुकड्यावरून फिरवली. "हा तुझा मंगळवार. सोयरीक जुळली तो. बघ कसा बारीक झालाय. कान पाराकडं गेले आणि वाख सोडायचा राहून गेला. आणि हा शुक्रवार. इथं तू उभा राहिलास घोडदळ ऐकत आणि चाक फिरत राहिलं. पीळ इतका चढलाय, की गाठी आल्यात. हा परवाचा रविवार. इथं काय झालं ते मला माहीत नाही, पण इथं तू दोर वळतच नव्हतास."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला चाळीस हातांवरचं दिसतं कुठं, लेका? हाताला आज कळलं, ते आज सांगतोय."

"पण शुक्रवारी राही या दोरावरून येणार आहे. पोर कडेवर घेऊन."

"येणार आहे?" बाबांनी त्याच्याकडे पाहिले. "बरं झालं बोललास. दोर चाचपताना मला वाटलं, वळणाऱ्याचं अजून ठरलेलं नाही."

तुळाजीने हातातला तुकडा खाली ठेवला. मग त्याने सगळे सांगून टाकले. तिन्ही राजे, घोडदळ, व्यापाऱ्यापाशी ठेवलेला निरोप. "मला फक्त एवढं कळू दे बाबा, कुठला काठ बरा. मग मी शांत होईन."

म्हाताऱ्याने धुळीतले तुकडे गोळा करून बाजूला ठेवले. मग सावकाश बोलला.

"कुठला काठ बरा, हे त्या राजांना तरी कुठं ठाऊक आहे? त्यांचंही रोज बदलतंय. लढाई येतच नाही, असं मी तुला सांगणार नाही. माझ्या जन्मात दोनदा आली. दोन्ही वेळा गाव ज्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं, त्या वाटेनं ती आली नाही. पहिल्या वेळी मी तुझ्याएवढा होतो. भीतीनं शेतातली अंबाडी कापलीच नाही, तशीच वाळली. लढाई आली तेव्हा माणसं पलीकडं न्यायची होती, गुरं न्यायची होती, आणि दोर नव्हता. माझी थोरली बहीण त्या पाण्यात गेली. लढाईनं नाही नेली तिला. न वळलेल्या दोरानं नेली."

तुळाजीने मान खाली घातली. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी तू ही वाट झाडतोस. कशासाठी?"

"उलटं चालायचं असतं. पायाखाली काटा येऊ नये, दगड येऊ नये, म्हणून."

"आणि एकदा झाडली की?"

"मग बघावं लागत नाही. तोंड दोराकडं ठेवायचं."

"सगळ्यांचं चालणं तसंच आहे, तुळा. पुढचा दिवस आपल्या पाठीमागं असतो, तो कुणाला दिसत नाही. म्हणून सकाळी वाट झाडून घ्यावी. बातमी ऐकायची तर तेव्हा ऐक. तिच्यातला आपल्या पायाखाली येणारा दगड कुठला, तेवढा बघ आणि उचलून टाक. घरात दाणा आहे का, मीठ आहे का, वेळ आलीच तर म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, हे ठरवून ठेव. त्यानंतर दिवसभर मान वळवलीस, तर पाठीमागचं काही दिसत नाही आणि हातातलं बिघडतं. भीती वाटते म्हणून लाजू नको. तुझ्यापाशी गमवायला दोन जीव आहेत, भीती वाटणारच. पण त्यांना काय पाहिजे, ते त्या पाराला विचारू नको. लेकीनं बापापाशी असावं की नसावं, याला राजा लागत नाही."

पारावर बैलाच्या घुंगरांचा आवाज झाला. व्यापारी निघायच्या तयारीत होता. तुळाजी उठला आणि चालत गेला.

"काय मग, पक्कं झालं?" व्यापाऱ्याने विचारले. "एक ताजी बातमी आहे, ती ऐक आणि ठरव. उत्तरेच्या राजानं म्हणे..."

"शेट, आधी मला सांगा, वरचा उतार चालू आहे ना? माणसं जात-येत आहेत?"

"जातायत की. मी काय मीठ भिजवायला चाललोय?"

"मग राहीला निरोप द्या. शुक्रवारी ये, दोर तयार असेल. आणि दोन महिन्यांचं मीठ इथं उतरवून जा."

व्यापारी मिठाची गोणी उतरवू लागला. "उत्तरेच्या राजाचं ऐकायचं नाही?"

"सांगा ना. चालता चालता सांगा. बैलाला वेशीपर्यंत मी सोबत येतो, त्याचा पाय अजून कच्चा आहे."

व्यापाऱ्याने बातमी सांगितली. तुळाजीने ती पूर्ण ऐकली, हुंकार भरला, वाटेतल्या दोन खळग्यांतून बैलाला जपून काढून दिले, आणि परत येऊन कमरेला वाख बांधला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवसांत तीन तुकडे पुन्हा वळले गेले. मान वळायची सवय एकदम गेली नाही. दिवसातून दोन-चार वेळा वळे. तेव्हा बाबा चाकावरून नुसते खाकरत, आणि तुळाजी हसून तोंड फिरवी. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी मागून घेतली. बाबा म्हणाले, "गाईला आता कुणी समजवायचं?" गुरुवारी संध्याकाळी जुने पेड उकलून नवे त्यात गुंफले. बाबांनी डोळे मिटून सगळा दोर हातातून सरकवला. यावेळी ते कुठे थांबले नाहीत.

शुक्रवारी सकाळीच नावाड्याने गावातल्या माणसांना घेऊन दोर दोन्ही काठांना ताणला. पाण्याला ओढ होती. दुपार कलल्यावर पलीकडच्या घाटावर हिरवे लुगडे दिसले. नाव निघाली. मध्यावर आली तेव्हा प्रवाहाने तिला खाली रेटले. दोर कमानीसारखा वाकला, करकरला. तुळाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. नजर त्याने दोरावरून हलवली नाही. नावाड्याने एक हात पुढे टाकला, मग दुसरा. नाव सरळ झाली आणि हळूहळू अलीकडे येत गेली.

राही उतरली. तिने मुलगी त्याच्या हातांत दिली. वाखाने खरबरीत झालेले ते हात. त्याला वाटले, पोर रडेल. तिने एक जांभई दिली आणि पुन्हा झोपली. तिची कानाची पाळी अगदी राहीसारखी होती.

"बारीक झालात," राही म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारले, "तिकडं सगळे म्हणतात, लढाई होणार. खरं का हो?"

"ठाऊक नाही," तुळाजी म्हणाला.

हेच दोन शब्द आठवडाभर त्याच्या छातीवर दगडासारखे बसले होते. आता ते सरळ उत्तर होते. तो खोटे बोलला नव्हता आणि घाबरलाही नव्हता. राहीला ते त्याच्या आवाजावरून कळले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही.

"हिच्या डोळ्यांवर ऊन येतंय," तो म्हणाला. "पदर धर जरा." आणि तिघे घाट चढू लागले.

दूरच्या राजांच्या बातम्या आपल्याही दारी रोज येतात. त्या ऐकाव्यात, आणि मग आपल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येते आहे का, ते पाहावे.