निशाणदाराची जागा

मातीचे शिपाई चालत-बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. केतकीने दिवाळीत अंगणात किल्ला केला, त्यावर अळीव पेरले आणि उतारावर शिपायांची तुकडी मांडली. सगळ्यांत पुढे सरदार आणि त्याला खेटून निशाणदार.

सरदार कुरकुरला, "तुझ्या निशाणामुळे माझा फेटा झाकला जातो. येणारा-जाणारा आधी निशाणच बघतो. मागे जा बघू!"

निशाणदार मागे गेला आणि तटाला टेकून उभा राहिला.

अळीव उगवले. बघता बघता ते शिपायांच्या डोक्यावर गेले आणि सरदार त्या हिरव्या रानात दिसेनासा झाला.

"कुठे आहात रे सगळे?" त्याने हाक मारली.

"सरदार, तुम्ही दिसत नाही," शिपाई ओरडले. "निशाण तेवढं दिसतंय. आम्ही तिकडेच निघालोय!"

सरदाराने मान उंचावली. हिरव्यातून भगवं टोक डोकावत होतं. धडपडत तो तिथे पोचला. पाहतो तर निशाणदार एकाच पायावर तोल सावरत होता.

"पाय कधी तडकला रे?"

"भट्टीतच. तुम्हाला खेटून उभा होतो ना, म्हणून कुणाला कळलं नाही."

सरदार त्याच्या तडकल्या पायाच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि निशाणदाराने त्याचा खांदा घट्ट धरला.

सकाळी केतकी पाणी शिंपडायला आली. "अगं बाई, सरदार मागे कसा?" म्हणत तिने त्याला पुढे ठेवायला उचललं, तर निशाणदारही बरोबर हातात आला.