निळ्या सेलचा खरा आकडा

फार जुनी गोष्ट नाही, पण सेलच्या आयुष्यांनी मोजली तर तीन पिढ्यांपूर्वीची. वनचौकीच्या टेबलावर टॉर्चचे दोन सेल होते. सोनेरी सेल नवा होता, त्याच्या अंगावर ९९०० छापलेलं होतं, म्हणजे आत किती वीज मावते तो आकडा. निळा जुना, त्याच्यावर २६००.

"म्हाताऱ्या, तू आता घरी बस," सोनेरी म्हणाला. "गस्तीच्या टॉर्चमध्ये मी जाणार. माझा आकडा वाच."

"आकडा छापखान्याने दिलाय," निळा म्हणाला. "तुझ्यात किती आहे ते सांग."

वनरक्षक हौसाताईंचा नेमच होता, मोजल्याशिवाय कुठलाही सेल जंगलात न्यायचा नाही. त्यांनी दोघांना पूर्ण चार्ज केलं आणि मोजणीच्या यंत्रात बसवलं. ते यंत्र सेल हळूहळू रिकामा करून आत किती वीज होती ते सांगायचं. सोनेरीने जेवणाआधीच मान टाकली. ७१०. निळा दुपारभर पुरला, पण त्याचेही २१४०च भरले.

"म्हणजे तूही खोटाच," सोनेरी फणकारला.

निळ्याला ते लागलं. तो हौसाताईंना म्हणाला, "ताई, माझे २६०० खोडा. ते तरुणपणीचे होते. २१४० लिहा, तेवढ्याचा जाब मी देईन."

ताईंनी तसं लिहून त्याला टॉर्चमध्ये घातलं. मग सोनेरीला विचारलं, "७१०वर चौकीची घंटी मजेत चालते. लिहू?"

सोनेरी गडगडत टेबलाच्या कडेला गेला आणि छापलेला ९९०० वरच्या बाजूला दिसेल असा पडून राहिला.