पेलाभर दूध, पेल्याशिवाय

"पेलाभर दूध आणायचं, पण पेला आणायचा नाही," महाराज म्हणाले. "तांब्या नाही, वाटी नाही, केळीचं पान नाही, ओंजळसुद्धा नाही. दूध थेट माझ्या हातावर ठेवायचं. उद्या सकाळी. नाही जमलं तर तुझी परवा व्यालेली म्हैस आमच्या गोठ्यात."

समोर येसू गवळण उभी होती. राजवाड्यावरच्या म्हशींची धार काढायची, हे तिचं काम. पण घर चालायचं ते तिच्या स्वतःच्या म्हशीवर. गेंदी तिचं नाव. गेंदी गेली की सासू, दोन पोरं आणि चूल, सगळेच उपाशी.

आता महाराज एवढे का पेटले, ते सांगतो.

धोंडेवाडी संस्थान केवढं, तर हत्ती आडवा झाला की शेपूट शेजारच्या राज्यात. पण महाराजांना इंग्रजीचं खूळ लागलं. शिकवायला टेंभेकर मास्तर आले. मास्तर विद्वान, शंका विचारली की खोकायचे. सज्जात शिकवणी चाले आणि खाली अंगणात येसू धार काढी. कान काही दावणीला बांधलेले नव्हते.

एक दिवस मास्तर सांगत होते, "महाराज, इंग्रजीत दूध मोजत नाहीत. भांडं मोजतात. अ ग्लास ऑफ मिल्क. जास्त हवं असेल तर भांडी वाढतात, दूध आहे तसंच राहतं. टू ग्लासेस ऑफ मिल्क. पण मिल्क ग्लास म्हणालात, तर ते नुसतं भांडं. दुधाचा पेला. आत दूध असो नसो."

महाराजांनी मान डोलावली. ती ते नेहमीच डोलावत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या संस्थानचे राजे पाहुणे आले. त्यांच्यासमोर मिशीला पीळ देऊन महाराजांनी फर्मावलं, "येसू, टू मिल्क ग्लासेस!"

येसूने दोन चांदीचे पेले आणून ठेवले. घासलेले, लखलखीत, रिकामे. पाहुण्यांनी पेला तोंडाला लावला, मग उलटा करून बघितला.

"दूध कुठंय?" महाराज ओरडले.

"दूध तुम्ही मागितलंच नाही, सरकार. पेले मागितले. काय हो मास्तर?"

मास्तर खोकले. पाहुणे राजे एवढे हसले की पगडी सुटून मांडीवर आली. आणि महाराजांच्या तोंडून तो हुकूम सुटला, पेलाभर दूध, पण पेला नको! पाहुणेही गंमत बघायला मुक्कामाला राहिले. त्यांना तरी घरी कुठं काम होतं.

येसूने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "आणते, सरकार. पण माप तुमचंच हवं. नाहीतर मास्तर म्हणतील, घोटभर कमी भरलं. आजचा दिवस एक मिल्क ग्लास द्या. रिकामाच द्या, मला सवय आहे."

महाराजांनी आपलाच पेला दिला. त्याच्या काठाखाली एक पोचा होता. मागच्या दिवाळीला चिवडा खारट झाला म्हणून महाराजांनी तो आचाऱ्याला फेकून मारला होता. आचारी वाकला, भिंत वाकली नाही.

सकाळी दरबार भरला. येसू आली. पेला तिने आधीच मुदपाकखान्यात परत केला होता. हातात फक्त एक ओलं फडकं, गुंडाळलेलं.

"फडकं म्हणजेसुद्धा भांडंच!" मास्तर उठून म्हणाले.

"असं का? मग उद्यापासून तुमच्या वाटणीचं दूध मी फडक्यातच घालते."

मास्तर बसले.

"सरकार, हात पुढे करा," येसू म्हणाली आणि फडकं उलगडून तिने महाराजांच्या तळहातावर एक पांढरा, थरथरता पेला उभा केला. खरवसाचा! बुडाशी निमुळता, वर रुंद, आणि काठाखाली तोच पोचा. आचाऱ्याने लांबूनच ओळखला.

"हा तर खरवस आहे," मास्तर म्हणाले. "दूध कुठंय?"

"गेंदीचा चीक आहे, मास्तर. म्हैस व्याली की पहिलं दूध येतं ते हेच. पेल्यात ओतलं, वाफेवर ठेवलं, बाहेर काढलं. गूळ नाही, पाणी नाही. दूध नाही म्हणता, तर गोठ्यात चला आणि रेडकाला विचारा. दोन दिवस ते हेच पितंय. का ते इंग्रजी पितंय?"

पाहुण्या राजांनी घाईघाईने पगडी धरून ठेवली.

महाराजांनी पेला मागवला आणि खरवस अलगद आत सोडला. पोच्यात पोचा बसला. ना कमी, ना जास्त. पुन्हा बाहेर काढला. मग एक घास खाल्ला. मग दुसरा. पोच्यापर्यंत पोचले तेव्हा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि भरल्या तोंडाने ते असे हसले की मास्तरांच्या कोटावर खरवस उडाला.

"जिंकलीस! गेंदी तुझीच. वर काय देऊ?"

"चारा द्या, सरकार. नदीकाठच्या तुमच्या कुरणातला."

"किती?"

"आता गवताची पाती कोण मोजणार? मास्तरच सांगतात, जे मोजता येत नाही त्याला भांडं लावायचं. एक भांडंभर द्या, एकच. पण भांडं माझं."

"एवढंच? दिलं," महाराज म्हणाले. "पाहुण्यांसमोर शब्द दिला. आण तुझं भांडं."

येसू बाहेर गेली आणि गेंदीला दाव्याने ओढत दरबाराच्या दारात घेऊन आली.

महाराज गादीवरून घसरेपर्यंत हसले. पण शब्द दिला होता. गेंदी त्याच दिवशी कुरणात शिरली आणि पुढे चौदा वर्षं चरत राहिली. ते भांडं काही भरलं नाही.