विजेत्यांना पाडायचं कोणी?

फार फार पूर्वी एका नदीच्या काठी चार राज्यं होती. एक डोंगरातलं, एक वाळूतलं, एक रानातलं आणि एक मधलं. दरवर्षी दिवाळी उलटली की त्यांच्यात रस्सीखेच व्हायची. जिंकेल त्याचा पाट आधी उघडायचा, बाकीच्यांना उरलंसुरलं पाणी. म्हणजे हा नुसता खेळ नव्हता, उन्हाळ्यातला घास होता.

आधी डोंगरवाले बरीच वर्षं जिंकले आणि एकदा अचानक तोंडावर आपटले. मग वाळूवाले जिंकत राहिले. तेही एकाएकी कोसळले. आता मधल्या राज्याची जिंकायची पाळी होती. सगळे मिशांना पीळ देत फिरत. फक्त त्यांच्या संघनायकाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"जिंकताय ना? मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?" बायकोने विचारलं.

"तेही जिंकतच होते गं," नायक म्हणाला.

शेवटी ते का हरले हे शोधायला, फुटाण्यांची पाटी डोक्यावर घेऊन तो वेश पालटून निघाला.

डोंगराच्या राज्यात गडी पालखीतून सरावाला येत होते. ढेऱ्या सुटलेल्या, हातात चांदीची कडी. समोरच्या गवळ्यांना त्यांनी एका झटक्यात लोळवलं. 'हात्तिच्या! आळस नडला यांना,' नायकाला हायसं वाटलं. आपले गडी तर पहाटे उठतात!

पण वाळूचे गडीही पहाटेच उठत होते. दंडबैठका मारत, साधी भाकरी खात. मग हे का हरले असतील?

नायक सराव बघत बसला. समोर गावातले कोळी दोर धरून उभे होते. इशारा झाला आणि कोळ्यांनी पाय हळूच सैल सोडले. आपणच धपाधप पडले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"मुद्दाम पडलात होय?" एका कोळ्याच्या ओंजळीत फुटाणे ओतत नायकाने विचारलं.

"मग काय! विजेत्यांची पाठ मातीला लागली तर राज्याला अपशकुन. एकदा जिंकले ते कायमचे विजेते. रीत आहे आमची."

नायकाला आठवलं, डोंगरातले गवळीही असेच पडले होते. आणि आपल्या चौकात रोज पडणारे कुंभार?

गावी आला तो थेट कुंभारीणकाकूंकडे. कुंभारांची बाजू त्याच सांभाळत. काकू माती तुडवत होत्या.

"काकू, आम्ही जिंकल्यापासून तुम्ही खरा जोर लावता का हो?"

"लावला असता तर ही तुझी मिशी राहिली असती का?"

"उद्या लावा."

"आणि राजाने आमची भट्टी विझवली तर?"

"शिक्षा माझी."

दुसऱ्या दिवशी राजासकट सगळा गाव चौकात जमला. "टाच रोवा!" काकू ओरडल्या. माती तुडवून घट्ट झालेले पाय जमिनीत रुतले, आणि विजेते फरपटत जाऊन चिखलात पालथे पडले.

राजा ताडकन उठला. "सामना तोंडावर आणि हा अपशकुन? नायका, आता हरलास तर घरदार उचलून राज्याबाहेर चालू लाग!"

"चालेल महाराज. पण तोवर आम्हाला रोज पडू द्या."

"अब्रू घालवलीत!" गडी धुसफुसले. पण रोज पडले, रोज उठले.

यंदा अखेरचा सामना रानवाल्यांशी होता. ते कधीच जिंकले नव्हते. दरवर्षी मार खाऊन खाऊन मात्र वाघ झाले होते. पहिल्याच हिसक्याला दोर त्यांच्याकडे सरकला. पाय घसरू लागले. राजाचा चेहरा पांढरा पडला. नायकाला पटांगणाकडेला उभी बायको दिसली, आणि डोळ्यांपुढे बैलगाडीत भरलेलं घरदार.

अशाच वेळी डोंगरवाले गांगरले होते, वाळूवालेही. पण हे गडी आता रोजच असे घसरत आणि सावरत होते.

"टाच रोवा!" नायक ओरडला.

दोर थांबला. मग तसूतसूने मागे आला. चार बोटं, फक्त चार बोटांनी ते जिंकले!

"उद्या सराव बंद!" राजा आनंदाने ओरडला. "सकाळीच मिरवणूक!"

"मिरवणूक संध्याकाळी काढू, महाराज," नायकाने हात जोडले. "सकाळी काम आहे."

सकाळी चौकात काकू पदर खोचून उभ्याच होत्या. "या विजेते, या! माज चढायच्या आत उतरवते."

थोड्याच वेळात सगळे चिखलात आडवे. त्या दिवशी नायक घरी जाऊन पोटभर जेवला.

तात्पर्य: आपल्याला खरोखर पाडणारी माणसं जवळ ठेवावीत, लाडाने खोटं खोटं हरणारेच एक दिवस आपल्याला हरवतात.