तोंडात धरलेली अंडी

"काढू की नको, तेवढं सांगा चाचा. हो किंवा नाही."

गफूरचाचा काच कापत होते. हिऱ्याची कणी सरळ रेषेत फिरली, टक् आवाज झाला, तुकडा सुटला. मग त्यांनी मान वर केली.

"काय काढायचं, मास्तर?"

"अंडी. फ्रंटोसाच्या तोंडातली."

शिरगुप्पे मास्तर मिरजेच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मासे पाळायला चार वर्षांपूर्वी चाचांकडेच शिकले. चाचांचा उभा जन्म माशांच्या टाक्या बांधण्यात गेलेला. पण हल्ली चाचांपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्तच कळतात, असं मास्तरांचं मत झालं होतं. अर्थात ते मत त्यांचं एकट्याचंच होतं.

फ्रंटोसा हा आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातला मासा. वीतभर लांब, अंगावर गडद पट्टे, कपाळावर टेंगूळ. मादी अंडी तोंडात धरते. महिना-सव्वा महिना, पिल्लं पोहती होईपर्यंत. तोवर अन्नाचा कण घेत नाही.

मास्तरांनी ही मादी बोटाएवढी होती तेव्हापासून वाढवलेली. चार वर्षं वाट पाहिली. पहिल्या खेपेची अंडी तिने आठव्या दिवशी गिळली, दुसऱ्या खेपेची अकराव्या. आता तिसरी खेप होती, पंधरावा दिवस होता आणि मास्तरांच्या जिवाला घोर लागला होता.

"माझा तिच्यावर विश्वास राहिला नाही चाचा. हातात धरतो, जबडा उघडतो, अंडी वेगळ्या भांड्यात घेतो. खालून हवेची नळी. पुढचं मी वाढवतो."

"काढता येतात की."

"म्हणजे काढू?"

चाचांनी काचेची धार पॉलिश पेपरवर घासली...

"गिळली ते कसं कळलं?"

"कळणार नाही कसं? डोळ्यात तेल घालून बसतो मी!" मास्तर खुलले. "उठल्या उठल्या, कॉलेजला निघताना, आल्यावर. बॅटरी मारतो, गळा फुगलेला आहे का बघतो. पुढून नाही दिसलं तर मागून. तरी नाही दिसलं तर काचेवर टिचकी मारतो, मग वळते."

हे सांगताना मास्तरांना फार बरं वाटलं. एवढी देखभाल अख्ख्या मिरजेत कोण करत होतं?

चाचांनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून पुढे केलं.

"उन्हातनं आलाय. घोट घ्या."

मास्तरांनी घोट घेतला.

"गिळू नका. धरा तोंडात."

म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ, असं मास्तरांच्या मनात आलं. पण गुरू तो गुरू. ते गाल फुगवून स्टुलावर बसले.

चाचांनी खणातून बॅटरी काढली आणि झोत मास्तरांच्या गळ्यावर टाकला. नाकाला नाक लागेल इतके जवळ आले. डावीकडून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. मास्तर वळले, तर झोतही वळला.

"आहे का अजून?"

मास्तरांनी मान हलवली.

चाचा गेले, दोन पावलं चालून परत आले. पुन्हा बॅटरी. मग हातातला काचेचा तुकडा मास्तरांच्या कानाशी धरून त्यावर नखाने टिचकी मारली. एक... आणखी एक...

घटकन पाणी घशाखाली गेलं. थोडं नाकातून आलं. मास्तर खोकत खोकत उठले.

"गिळलं?" चाचांनी विचारलं.

"अहो, गिळणार नाही तर काय! असं तोंडाशी येऊन, बॅटरी मारून, टिचक्या मारून... कुणी कसं धरून ठेवा..."

वाक्य तिथेच अडकलं.

मास्तर खाली बसले. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त, वाईट वाटलं. आठवा दिवस आठवला, अकरावा आठवला. दोन्ही दिवशी आपण कुठे उभे होतो, तेही आठवलं.

चाचा पुन्हा काचेवर वाकले होते. पट्टी ठेवली, माप घेतलं.

मास्तरांनी हळूच विचारलं, "मग आता मी करू तरी काय, चाचा?"

"बाकीच्या माशांना दाणा घरी वहिनी टाकतील..." चाचा मान वर न करता म्हणाले. "निपाणीला बहीण असते ना तुमची? राहून या."