झेंडू, गोधडी आणि चुकचुकणारी पाल

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा संगणक जन्मालाही आले नव्हते, पण या गोष्टीतल्या गावात एक होता. कसा होता, ते विचारू नका. पुढे यात पालही बोलणार आहे आणि तेही तुम्ही मुकाट ऐकून घेणार आहात.

हा संगणक एका विणकरणीच्या घरी होता. तिची आई साऱ्या राज्यात नावाजलेली. जाण्याआधी आईने आपल्या सगळ्या नक्षी, मोर, पोपट, कुयऱ्या, त्या संगणकात स्वतःच्या हाताने काढून ठेवल्या. दुसरीकडे त्या कुठेच नव्हत्या. आता राजकन्येच्या लग्नाचा शालू विणकरणीकडे विणायला आला होता, आणि राणीने बजावलं होतं, "काठाला तुझ्या आईचाच मोर हवा." विणकरीण पडद्यावरचा मोर बघायची आणि मागावर एकेक धागा घालायची.

ती हाताची पक्की होती, तशीच जिभेचीही. शेजारच्या मागावर बसलेला नवरा जरा कुरकुरला, की ती म्हणे, "गुपचूप काम करा हो!" तो बिचारा गप्प बसे.

शालू अर्ध्यावर आला आणि संगणक आवाज करू लागला. आधी नुसती घरघर. मग खर्रर्र, खर्रर्र, घशात काही अडकल्यासारखं.

"अगं, हा का ओरडतोय?" नवऱ्याने विचारलं.

"दसऱ्याच्या पूजेत काही उणं राहिलं असेल," ती म्हणाली.

त्या गावात दसऱ्याला माग, धोटा, कात्री अशा सगळ्या हत्यारांची पूजा होई. संगणकाचाही मान असे. विणकरणीने पुन्हा पूजा मांडली. त्याच्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची माळ या वेळी आणखी भरगच्च घातली. आवाज कमी व्हायचं सोडून वाढला.

मागच्या भिंतीवरून पाल म्हणाली, "चुक! चुक!"

विणकरणीने जमिनीवर बोटं आपटली आणि "कृष्ण कृष्ण" म्हटलं. अपशकुन झाला म्हणून ती आणखी चिडली. तिने जाड गोधडी आणली आणि पडदा तेवढा उघडा ठेवून संगणकाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. "आता ओरड बघू!"

आवाज खरंच दबला. ती खूश होऊन मागावर बसली.

"चुक! चुक!" पाल पुन्हा म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळाने विणकरणीने मान वर केली, तर पडदा काळा. मोराची मान विणून झाली होती, पिसारा राहिला होता, आणि बघायला आता काही उरलं नव्हतं. विणकरणीच्या हातातला धोटा गळून पडला. "आई गं, तुझा मोर मी घालवला!" म्हणत ती रडायलाच लागली. शालूचं दुःख होतंच, पण आईचा हात पुन्हा कुठून आणायचा?

"अगं बाई," पाल म्हणाली, "मी शकुन सांगत नाही, चूक सांगतेय. चूक! अजून किती वेळा ओरडू? मी त्याच्या पाठीशी उबेला राहते. आज पोट पोळलं म्हणून भिंतीवर पळाले."

"मग सरळ सांगायचं होतंस!"

"पालीचं कोण ऐकतं? तू तर नवऱ्याचंही ऐकत नाहीस. बरं, माग कुरकुरला की काय करतेस?"

"थांबवते. आवाज कुठून येतो ते हात लावून बघते."

"आणि गोधडी कधी घालतेस?"

विणकरणीने डोळे पुसले. उत्तर तिचं तिलाच कळलं होतं.

तिने गोधडी ओढून काढली, वायर काढली आणि संगणक पुरता गार होऊ दिला. मग बाजूचं झाकण उघडलं. आतला छोटा पंखा बोटाने हळूच फिरवला. खर्रर्र! तोच आवाज. पात्याजवळ अक्षतेचा दाणा अडकला होता. भोवती वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, कुंकू आणि रेशमाची तुसं यांचा गच्च थर बसला होता. वाराच शिरत नव्हता. तिचीच भक्ती त्याचा श्वास कोंडत होती.

मागाचा मऊ कुंचा घेऊन तिने सगळं अलगद झाडून काढलं. वायर पुन्हा लावली. पंखा मधमाशीसारखा गुणगुणला, पडदा उजळला आणि आईचा मोर पिसारा फुलवून समोर उभा राहिला.

शालू वेळेवर राजवाड्यात पोचला. पुढच्या दसऱ्यापासून त्या घरात नवा नियम झाला, आधी झाडू, मग झेंडू. माळही संगणकावर नाही, त्याच्यासमोरच्या पाटावर.

पण त्याआधी, मोर परत आला त्याच दिवशी, नवरा मागावर बसताना सवयीने कुरकुरला. "गुपचूप" हा शब्द विणकरणीच्या ओठांपर्यंत आला होता. तो तिने गिळला.

"काय होतंय हो तुम्हाला?" तिने विचारलं.

नवरा इतका दचकला की बसता बसता पुन्हा उभाच राहिला. मग म्हणाला, "बैठक फार बुटकी आहे गं. कंबर धरते."

तिने तीच गोधडी नीट घडी करून त्याच्या बैठकीवर घातली. भिंतीवरची पाल या खेपेला काही बोलली नाही.

तात्पर्य: कुरकुरणाऱ्याचं तोंड दाबू नये, त्याचं दुखणं शोधावं.