आठ वेळा छान

फार पूर्वी, आचार्य शिकवतही असत त्या काळी, एका नगरात कापड रंगवण्याची विद्या देणारे मोठे विद्यालय होते. तिथला नियम असा, की नव्या विद्यार्थ्याने पौर्णिमेच्या आत स्वतःचा गुरू शोधायचा. पौर्णिमेच्या सकाळी एखादा आचार्य वेशीवर येऊन ‘हा माझा’ म्हणाला तर राहायचे, नाही तर गाठोडे उचलून घरी जायचे.

डोंगरापलीकडच्या खेड्यातून एक मुलगी तिथे शिकायला आली. आल्या आल्या तिने निळीच्या रांजणात कापड बुडवले. ते निळे झाले आणि धुतल्यावर जवळजवळ पांढरे झाले. असे सात वेळा घडले. का घडते, या विचाराने तिचे जेवणात लक्ष लागेना.

तिच्यासारखीच नवी आलेली खोलीतली मैत्रीण म्हणाली, “ही लक्तरं घेऊन गुरू शोधणार आहेस, बाई? बाजारातून एक झकास कापड आण आणि मीच रंगवलं म्हण. सगळे तेच करतात.”

“आचार्यांना कळत नाही?”

“कळतं की. तेही असेच आले होते.”

मुलीने कापड आणले. मुख्य आचार्यांच्या ओसरीवर रांग होती. त्यांनी कापड उलटून पाहिले, “छान” म्हणाले आणि पुढच्याला बोलावले. आठ आचार्य झाले. आठ वेळा छान मिळाले, गुरू काही मिळाला नाही.

पौर्णिमेला एक दिवस उरला. मागच्या अंगणात एक म्हातारे आचार्य बसत. ते प्रश्न विचारतात म्हणून तिकडे रांग नसे.

“हे तू रंगवलंस?” त्यांनी विचारले.

मुलीने कापडाची घडी घालून ते बाजूला ठेवले. “नाही, गुरुजी. विकत आणलंय. माझं हे.” तिने पिशवीतून फिकट, डागाळलेला तुकडा काढला.

म्हाताऱ्यांनी तो हुंगला. “रांजणाचं झाकण किती वेळा उघडतेस?”

“मोजलं नाही. आत काय चाललंय ते बघावंसं वाटतं. उघडते, जरा ढवळते.”

“जरा?”

“बरंच.”

“मग आंबलेल्या निळीला वारा लागतो. ती धाग्यात शिरत नाही, वरच बसते आणि पाण्याबरोबर जाते.”

“पण वाऱ्याने असं का व्हावं?”

म्हाताऱ्यांनी आपल्या कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांकडे पाहिले. “चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “मलाही नीट ठाऊक नाही. उद्या लवकर ये, बघू.”

“उद्या पौर्णिमा आहे, गुरुजी.”

“मग आधी वेशीवर जाऊन येऊ.”

सकाळी ते काठी टेकत वेशीवर आले आणि “ही माझी” म्हणाले. मैत्रिणीसाठी मात्र कोणी आले नाही. तिचे कापड सगळ्यांत सुंदर होते. गाठोडे तिने त्यातच बांधले.

ज्याला पटेल त्याने घ्यावे असे तात्पर्य: उत्तम ते दाखवले तर कौतुक मिळते, गुरू हवा असेल तर आपले अडले आहे ते दाखवावे.